नाही म्हणणारा पोदेर : गेममधलं पात्र स्वतंत्र आणि स्वतःला ओळखणारं कसं करावं

एक-दोघं मिळून गेम बनवणाऱ्यांना शंभर पात्रं परवडत नाहीत, आणि लागतही नाहीत. एका वाड्यावरची, म्हणजे गावातल्या एका वस्तीवरची, पाच पात्रं पुरतात. मात्र त्यांतलं निदान एक असं हवं की त्याला काही सांगितलं आणि त्यानं ऐकलं नाही, तर खेळणाऱ्याला राग त्या पात्राचा यावा, गेमचा नव्हे. पुढची सगळी मेहनत एवढ्यासाठीच आहे.

उदाहरणाला गोव्यातल्या मांडवीकाठचा एक काल्पनिक वाडा घेऊ. पहाटे सायकलवर पाव घालणारा पोदेर, तावेर्न म्हणजे दारूचं दुकान चालवणारा तावेर्नवाला, मालीमच्या जेटीवरून ट्रॉलरवर जाणारा खलाशी, सोप्यावर, म्हणजे घरापुढच्या बैठकीवर, बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करणारी म्हातारी आणि फेरीबोटीच्या धक्क्यावर काम करणारी एक मुलगी. इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, कुठलंही चालेल. मराठी मजकुरामुळे गोडो ४ सोयीचं पडतं, त्याचं कारण पुढे येईल.

गरजा आणि त्यांचं गणित

आधी घड्याळ. गेममधला एक मिनिट म्हणजे खरा एक सेकंद धरला की पूर्ण दिवस २४ मिनिटांत सरतो. याहून वेगवान दिवस ठेवला तर पात्रं चालण्यातच वेळ घालवतात, आणि संथ ठेवला तर खेळणाऱ्याला एका बैठकीत दुसरा दिवस दिसतच नाही.

मग प्रत्येक पात्राला चार गरजा द्या: थकवा, काम, सोबत आणि मान. प्रत्येकीचा आकडा ० ते १००, आणि आकडा जितका मोठा तितकी निकड जास्त. २००० साली आलेल्या 'द सिम्स'मध्ये अशा आठ गरजा होत्या, पण तो गेमच गरजांवर चालतो. आपल्याला चार पुरतात. सहाच्या पुढे गेलात तर पात्र असं का वागलं ते तुम्हालाच सांगता येणार नाही.

पोदेराचे आकडे असे ठेवून सुरुवात करा. सायकल चालवताना थकवा तासाला १२ नं वाढतो, उभ्यानं ५ नं, बसल्यावर तासाला २५ नं उतरतो. पहाटे निघताना काम ८० वर असतं. २० घरं आहेत, प्रत्येक घरामागे ४ कमी होतात.

आता निवड. गरजेचा आकडा तसाच तोलायचा नाही. त्याला १०० नं भागायचं, वर्ग करायचा, मग वजनानं, म्हणजे त्या पात्राला ती गरज किती महत्त्वाची त्या आकड्यानं, गुणायचं. येतात ते त्या गरजेचे गुण; ज्या गरजेचे गुण जास्त, तिच्यामागे पात्र जातं. रात्रभर भट्टीजवळ उभा राहिल्यामुळे पोदेराचा थकवा ८० आहे, आणि पाच घरं झाल्यामुळे काम ६० वर आलंय. त्याच्या कामाचं वजन १.५ आणि थकव्याचं १. सरळ गुणाकारात काम ०.९० आणि थकवा ०.८०, म्हणजे तो कोसळेपर्यंत पाव घालत राहणार. वर्ग केल्यावर थकवा ०.६४ आणि काम ०.५४. आता त्याला बसावंसं वाटतं. वर्गामुळे टोकाला गेलेली गरज इतरांना मागे सारते आणि मधल्या गरजा एकमेकींशी घासाघीस करत राहतात, हे माणसाच्या जवळ जाणारं आहे.

वजन म्हणजेच स्वभाव. सगळ्या पात्रांना त्याच चार गरजा आणि तेच सूत्र असू द्या, फक्त वजनं बदला. तावेर्नवाल्याची सोबत १.६, म्हातारीचा मान १.८. वेगळा माणूस तयार करायला एवढं बस आहे.

इथे एक हमखास होणारा बिघाड. दोन गरजांचे गुण जवळजवळ आले की पात्र दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे करत रस्त्यात नाचतं. उपाय दोन, आणि दोन्ही लागतात. एक, विचार दर फ्रेमला (पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला) न करता दोन सेकंदांनी एकदाच करा, आणि पाचही पात्रांना एकाच क्षणी विचार करायला लावू नका. दोन, चालू कृतीच्या गुणांना १.२ नं गुणा. वरच्याच उदाहरणात पाव घालण्याचे ०.५४ आता ०.६४८ होतात, म्हणजे थकव्याच्या ०.६४ पेक्षा केसभर जास्त. पोदेर आणखी एक घर करतो. तिथे काम ५६ वर उतरतं, गुण ०.५६ होतात, थकवा ८१ झालेला असतो, म्हणजे ०.६६. मग तो सायकल भिंतीला टेकवून बसतो. 'एवढं एक घर करतो आणि टेकतो' हे वागणं कुणी लिहिलेलं नाही, पण बघणाऱ्याला ते ओळखीचं वाटतं.

थोडी अनिश्चितता हवी असेल तर पहिल्या पर्यायाच्या निदान ८० टक्के गुण असलेल्या पर्यायांतूनच नशिबानं निवडा. ही अट विसरलात तर पोदेर पावांची टोपली उन्हात टाकून नदीवर पोहायला जाईल, आणि लोक त्याला स्वतंत्र म्हणण्याऐवजी बिघडलेला म्हणतील.

ठिकाणांनाच बोलू द्या

कुठे काय मिळतं हे पात्राला शिकवत बसू नका. ते वस्तूवर लिहा. सोपो म्हणतो: 'इथे बसलात तर तासाला थकवा २५ नं उतरेल, शेजारी कुणी असेल तर सोबतही १५ नं.' तावेर्न म्हणते: 'सोबत ३० नं उतरेल, जागा चार.' पात्र फक्त आजूबाजूच्या वस्तूंची ही बोली ऐकतं आणि आपल्या गरजांशी ताडून पाहतं. 'द सिम्स' याच पद्धतीनं चालतो. फायदा असा की उद्या वाड्यावर नवं दुकान टाकलंत तर पाचांतल्या एकाही पात्राला हात लावावा लागत नाही.

वेळ आणि ऋतूही वस्तूवरच ठेवा. दुकान दुपारी एक ते चार बोलीच लावत नाही. ट्रॉलर १ जून ते ३१ जुलै गप्प असतो, कारण पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा यांत्रिक मासेमारीला बंदी असते. खलाशाच्या वेळापत्रकात एक ओळही न बदलता त्याचे पावसाळ्याचे ६१ दिवस आपोआप रिकामे होतात, आणि मग तो काय करतो ते बघण्यासारखं असतं.

नकार: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

आतापर्यंत झालं ते चालतं-फिरतं पात्र. स्वातंत्र्य दिसतं ते खेळणाऱ्यानं काहीतरी मागितल्यावर. नकाराचे तीन प्रकार ठेवा, आणि प्रत्येकाचं मूळ वेगळ्या ठिकाणी असू द्या.

'आत्ता नको' हा नकार गरजांतून येतो. साडेसहाला पोदेराकडे सायकल मागितली तर टोपलीत पाव आहेत, कामाचे गुण मागणीच्या गुणांहून मोठे आहेत, म्हणून नाही. तीच सायकल दहा वाजता मिळते.

'तुला नको' हा आठवणीतून येतो. खेळणाऱ्यानं गेल्या वेळी सायकल पंक्चर करून भिंतीला लावली आणि काही न बोलता निघून गेला असेल, तर दहा वाजताही नाही.

'हे मी करणारच नाही' हा तिसरा. तो गणितात येतच नाही. ही पात्रानं स्वतःभोवती ओढलेली रेघ आहे, आणि एका पात्राला दोनच रेघा पुरतात. आपल्या पोदेराच्या रेघा: कालचा पाव आजचा म्हणून विकायचा नाही, आणि एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात सांगायची नाही. दुसरी रेघ सोयीचीही आहे. पोदेर प्रत्येक दारात जातो; तोच बातम्या पोचवू लागला तर दुपारच्या आत अख्ख्या वाड्याला सगळं ठाऊक होईल आणि गेममध्ये शोधायला काही उरणार नाही.

रेघ खेळणाऱ्याच्या वाटेत येण्याआधी त्याला ती दिसलेली असली पाहिजे. पोदेर संध्याकाळी उरलेले कडक उंडे, म्हणजे गोल पाव, मोडून कोंबड्यांना टाकताना एकदा तरी दाखवा. टोपलीवरचं प्लॅस्टिक झटकतो, दोन उंडे दाबून बघतो, तिसरा टाकतो. तीन-चार सेकंदांचं ॲनिमेशन, संवाद नाही. नंतर कुणी त्याला शिळे पाव उत्सवाच्या गर्दीत खपवायला सांगितलं आणि तो नाही म्हणाला, तर त्याचं कारण खेळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आधीपासूनच असतं.

नकार फुकटचाही नसावा. पाचशे रुपयांची नोट नाकारली तर पात्राचं काहीतरी गेलं पाहिजे: मानाची गरज भागते, पण त्या दिवशी तो तावेर्नवर न जाता घरी जातो. नकारामुळे पात्राचा दिवस बदलला की नकार खरा वाटतो.

बिघाड कुठे होतो? सगळ्यात जास्त वेळा नशिबावर टाकलेल्या नकारात. दहातून आठदा नाही म्हणायचं असं ठरवलंत तर खेळणारा तीच मागणी पुन्हा पुन्हा करून बघतो, पाचव्या वेळी काम होतं, आणि त्या क्षणापासून पोदेर त्याच्यासाठी फासा होतो. म्हणून एका दिवसात त्याच मागणीला तेच उत्तर, परिस्थिती बदलेपर्यंत. दुसरा बिघाड अतिरेकाचा. सहा मागण्यांत एखादा नकार ठीक. त्याहून जास्त झाले की लोक पात्राला टाळायला लागतात. आणि कथेचा मुख्य रस्ता एकाच पात्राच्या होकारावर कधीही अडवू नका. पोदेरानं सायकल दिली नाही तर चालत जाता आलं पाहिजे, भले उशीर होवो.

आणखी एक गोष्ट २००५ च्या 'फिअर' या गेमपासून शिकावी. त्यातले सैनिक फार हुशार म्हणून नावाजले गेले. त्यांच्या निर्णययंत्राच्या मुळाशी अवघ्या तीन अवस्था होत्या आणि वर कृतींची आखणी करणारा एक नियोजक होता. पण ते एकमेकांना ओरडून काय चाललंय ते सांगत, त्यामुळे खेळणाऱ्याला त्यांचा विचार ऐकू येई. तुमच्या पात्राचा निर्णय कितीही बारकाईचा असो, तो ऐकू किंवा दिसू आला नाही तर नसल्यात जमा आहे.

आठवण

प्रत्येक आठवणीची नोंद सहा रकान्यांची: कोण, काय, कुठे, कधी, वजन १ ते १०, आणि कसं कळलं. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. तो नसेल तर पोदेराच्या पाठीमागे केलेली चोरीही पोदेराला ठाऊक असते. त्यात तीनच शक्यता ठेवा: पाहिलं, ऐकलं, अंदाज.

ऐकलेल्या गोष्टीची खात्री प्रत्येक कानाला ०.७ नं गुणायची, आणि ०.३ च्या खाली गेली की ती पुढे सांगायची नाही. डोळ्यांनी पाहिलेलं १, पहिल्या कानाला ०.७, मग ०.४९, मग ०.३४, आणि चौथ्या कानाला ०.२४. तिथे गोष्ट थांबते. खऱ्या वाड्याच्या मानानं हे फारच संयमी आहे, पण पाच पात्रांत याहून जास्त पसरवायला माणसंच नाहीत.

ताजेपणा दर तीन दिवसांनी निम्मा होऊ द्या. पंक्चरची आठवण ६ वजनाची. तीन दिवसांनी ३, चौथ्या दिवशी साधारण २.४. सायकल नाकारण्याचा उंबरठा २.५ ठेवला तर चौथ्या दिवशी पोदेर पुन्हा सायकल देतो. आणि खेळणाऱ्यानं त्याच दिवशी पंक्चर काढून दिलं, तर ४ वजनाची चांगली आठवण त्यातून वजा होते, उरतात २, आणि सायकल लगेच मिळते. दोन्ही वाटा मोकळ्या, दोन्हींचं कारण समजणारं.

एका पात्राला ४० नोंदी पुरतात. जागा भरली की ताजेपणा आणि वजन यांचा गुणाकार सर्वांत कमी असलेली नोंद काढून टाका. नुसती जुनी काढलीत तर पोदेर सख्ख्या भावाचं भांडण विसरेल आणि कालचा पाऊस लक्षात ठेवेल. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये २५ पात्रांचं एक गाव भाषा-मॉडेलवर (चॅटबॉटच्या मागे असतं तशा, मजकूर रचणाऱ्या यंत्रणेवर) चालवून दाखवलं, त्यातही कुठली आठवण वर आणायची ते ताजेपणा, महत्त्व आणि प्रसंगाशी संबंध या तीन मापांवर ठरत होतं. तीच तीन मापं साध्या बेरीज-गुणाकारानंही चांगली चालतात.

स्वतःची ओळख

याच्या तीन पायऱ्या आहेत, आणि बहुतेक जण थेट तिसरीवर उडी मारतात.

पहिली पायरी: आपण असं का वागलो ते पात्राला सांगता येणं. त्यासाठी प्रत्येक निर्णयाबरोबर एक कारणपट्टी साठवा. 'सकाळी ६.४०. सोप्यावर बसला. कारण थकवा, ०.६६. मागे राहिलं पाव घालणं, ०.५६.' खेळणाऱ्यानं 'बसलास का?' विचारलं की याच पट्टीतून वाक्य निवडायचं: 'पाय दुखतायत. पाव द्यायचेत अजून, माहितेय मला.' वाक्याचा दुसरा अर्धा भाग मागे राहिलेल्या पर्यायातून येतो, आणि पात्राच्या मनात ओढाताण झाली हे तोच सांगतो. पट्टी न साठवता कारण नंतर रचायला गेलात तर पोदेर थकलेला असताना सोबतीची गोष्ट करेल.

दुसरी पायरी: स्वतःची सवय लक्षात येणं. रोज रात्री झोपताना त्या दिवसाच्या पट्ट्या चाळा. एखादं घर लागोपाठ तीन दिवस टाळलं गेलं असेल तर तशी नोंद तयार करा. चौथ्या दिवशी पोदेर आपणहून म्हणतो, 'त्या घरापुढं तीन दिवस हॉर्नच वाजवला नाही मी.' आणि इथे त्याला स्वतःला बदलता येऊ द्या. नोंद झाली की संबंधित वजन ०.१ नं हलवा, कमी किंवा जास्त, त्याच्या मान या गरजेकडे बघून. मूळ वजनापासून ०.३ च्या पलीकडे मात्र कधीही जाऊ देऊ नका. ही मर्यादा नसेल तर गेममधल्या दहा-बारा दिवसांत तो एकतर संत होतो नाहीतर सोप्यावरून उठतच नाही. आपली सवय ओळखून ती मोडू पाहणारं पात्र हीच आमच्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. खर्चाच्या मानानं तिचा परिणाम फार मोठा, आणि ती करतात फार थोडे.

तिसरी पायरी: आपण खेळात आहोत हे पात्राला कळणं. १९९८ च्या 'मेटल गिअर सॉलिड'मधला सायको मँटिस खेळणाऱ्याच्या मेमरी कार्डावरचे दुसरे गेम वाचून दाखवायचा. २०१५ च्या 'अंडरटेल'मध्ये सेव्ह परत उघडून केलेली गोष्ट पुसली तरी एका पात्राला ती आठवते. हे करायला सोपं आहे: नेहमीच्या सेव्हपासून वेगळी एक फाइल ठेवायची, आणि सेव्ह परत उघडलं तरी तिला हात लावायचा नाही. अडचणी नंतर येतात. एकाच संगणकावर भाऊ-बहीण खेळत असतील तर भावाचा गुन्हा बहिणीच्या माथी बसतो; म्हणून फाइल खेळाडूच्या प्रोफाइलशी बांधा. संगणकावरचं युजरनेम वाचून पात्राच्या तोंडी घालू नका. लोकांना ते घरात डोकावल्यासारखं वाटतं, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये पोदेर गंभीर चेहऱ्यानं 'ॲडमिन, परत आलास?' असं विचारतो.

आमचा सल्ला, पूर्ण गेममध्ये असे दोनच क्षण ठेवा, आणि तेही वाड्याच्या भाषेत. पोदेराला 'गेम' हा शब्द ठाऊक नसावा. त्याला फक्त एवढं दिसावं की फेरीबोट रोज सुटते, रोज परत येते, पण पलीकडच्या चोडणला लागताना तिला कुणी पाहिलेलं नाही. तो काठ तुम्ही बनवलेलाच नाही. धक्क्यावरच्या मुलीला तो विचारतो, 'तू गेलीयस कधी पलीकडे?' ती म्हणते, 'रोज जाते.' आणि तिच्या चाळीस आठवणींत पलीकडची एकही नसते. नकाशाची तुमची मर्यादा इथे फुकटात कामाला येते.

बोलणं, आणि देवनागरीच्या खोड्या

संवाद झाडासारखे फांद्या फोडत लिहू नका. पाच पात्रांतच आवरेनासे होतात. प्रत्येक वाक्याला अटी लावा आणि ज्या वाक्याच्या सर्वांत जास्त अटी जुळतात ते निवडा. 'पाऊस आहे' ही एक अट. 'पाऊस आहे, खेळाडूनं पंक्चर केलं, काम ५० च्या वर' या तीन. तिन्ही जुळल्या तर हे वाक्य जिंकतं, नाहीतर साधं वाक्य आहेच. एका पात्राला १२० ते १५० वाक्यं लागतात, आणि एकदा बोललेलं वाक्य गेममधल्या तीन दिवसांत पुन्हा येऊ देऊ नका.

मराठीत आणखी दोन रकाने लागतात. खेळाडूसाठी 'आलास' की 'आलीस', आणि 'तू' की 'तुम्ही'. दुसरा रकाना नात्याच्या आकड्याशी जोडा: ओळख ४० च्या खाली असेल तर पोदेर 'तुम्ही' म्हणतो, वर गेल्यावर 'तू'. ज्या सकाळी तो पहिल्यांदा 'काय रे, आज लवकर?' म्हणतो, त्या सकाळी वेगळं बक्षीस द्यायची गरज नसते. भांडणानंतर तो पुन्हा 'तुम्ही'वर गेला तर ते शिवीपेक्षा जास्त लागतं. म्हातारीला मात्र तो कायम काकीच म्हणणार. तिथे आकडा बघायचाच नाही.

अक्षरांचं म्हणाल तर गोडो ४ जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट जुळवतं, गोडो ३ जुळवत नव्हतं. युनिटी या दुसऱ्या इंजिनातल्या टेक्स्टमेशप्रो या मजकूर दाखवणाऱ्या साधनातही ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाते आणि जोडाक्षरं हलंत होऊन पडतात. गोडोत अक्षर-अक्षर उमटणारा मजकूर हवा असेल तर लेबलच्या (मजकूर दाखवणाऱ्या घटकाच्या) 'व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर'मध्ये मूळ पर्याय बदलून 'आफ्टर शेपिंग' निवडा. मूळ पर्यायात मजकूर आधी कापला जातो आणि मग जुळवला जातो, त्यामुळे 'स्त्री' आधी 'स', मग 'स्', मग 'स्त' अशी डोळ्यांसमोर मोडत-जुळत येते.

भाषा-मॉडेल वापरायचा मोह होईल. वापरा, पण फक्त शब्दरचनेला. निर्णय गरजा, आठवणी आणि रेघा यांनीच घ्यायचा. ही मॉडेलं स्वभावानं होकारार्थी असतात. दोन-तीनदा गोड बोललं की पोदेर शिळे पाव विकायला तयार होतो आणि केलेलं सगळं वाया जातं. उत्तर दीड सेकंदात आलं नाही तर आधी लिहिलेलं वाक्य दाखवा.

तपासणी

खेळाडूशिवाय वाडा सात दिवस चालू द्या. २० पट वेगानं हे साधारण साडेआठ मिनिटांचं काम आहे. मग कारणपट्ट्या बघा. जागेपणीच्या वेळातला ४० टक्क्यांहून जास्त वेळ एकाच कृतीत जात असेल तर त्या वस्तूची बोली कमी करा. एखादी गरज सतत ९० च्या वर असेल तर ती भागवणारी जागा वाड्यावर नाही, किंवा दोन पात्रं एकाच दारात समोरासमोर अडकली आहेत. दुसरंच जास्त वेळा निघतं.

मग पाच जणांना अर्धा तास खेळायला द्या. 'पात्र स्वतंत्र वाटलं का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'पोदेरानं सायकल का दिली नाही?' एवढंच विचारा. पाचांतल्या चौघांनी खरं कारण सांगितलं तर पुढे जा. 'मूड नव्हता' असं उत्तर आलं तर कारण दिसत नाहीये: ॲनिमेशन किंवा वाक्य वाढवा, गणिताला हात लावू नका.

शेवटी गेमची तारीख १ जून करून हीच सात दिवसांची चाचणी पुन्हा घ्या. खलाशाचं काम ८० वर जाऊन तिथेच अडकतं, कारण ते उतरवणारा ट्रॉलर गप्प आहे, आणि तो धक्क्यावर पुतळ्यासारखा उभा राहतो. त्याच्यासाठी जाळी शिवण्याची आणि होडीला डांबर लावण्याची बोली ठेवा, तासाला काम ६ नं उतरेल अशी. मग तावेर्नच्या चार जागांवर लक्ष ठेवा; पाचवा कुणी दारात ताटकळत राहिला तर बाहेर एक बाकडं टाका.